मार्चएंडच्या आठवड्यात संपेल अशी एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा सुचवा

लेजरबुक

पुढचा आठवडा मार्चअखेरचा. वाचायला रोज मिळणार तो वेळ असा: लोकलमध्ये जाताना चाळीस मिनिटं, बहुतेक उभ्यानं, येताना चाळीस, बसायला मिळेल असं धरू, आणि झोपण्याआधी वीस. एवढ्यात बसतील अशी एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा किंवा थरारकथा हवी आहे. तुम्ही अलीकडे वाचलेल्यांपैकी जी आवडली ती सांगा.

अटी थोड्या आहेत. दोन्ही पुस्तकं सोमवार ते शनिवारात संपावीत. मधेच मिटून आठ तासांनी उघडलं तर दहा पानं मागं जावं लागू नये. मूळ मराठी असेल तर उत्तम, भाषांतर नीट असेल तर तेही चालेल. मालिकेतला मधलाच भाग नको. 'शाळा' आणि 'पार्टनर' वाचून झाली आहेत, दोन्ही फार आवडली.

आणखी एक. दोन्ही पुस्तकं एकदम चालू ठेवावीत की एक संपवून दुसरं घ्यावं?

---

फर्मा_सोळा

आधी हिशेब करू, म्हणजे निवड सोपी होईल. डेमी, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या मराठी कादंबरीत पानाला साधारण २८० ते ३०० शब्द बसतात. शांत बसून वाचलं तर एका पानाला दीड मिनिट लागतं. उभ्यानं, एका हातानं कडी धरून, दोन मिनिटं. चढण्याउतरण्याची दहा मिनिटं वजा केली तर जाताना १५ पानं होतात. येताना बसून २५. रात्री डोळे जड झालेले असतात, तेव्हा १० धरा. दिवसाची ५० पानं झाली. मार्चएंडला एक दिवस तरी पूर्ण बुडणारच, म्हणून पाच दिवस धरा. दोन्ही पुस्तकं मिळून २५० पानं, याच्या वर जाऊ नका. आठवड्यात पुस्तक अर्धवट राहतं ते बहुतेक वेळा कंटाळ्यामुळे नाही, हा हिशेब न केल्यामुळे. साडेतीनशे पानी कादंबरी चांगली असूनही गुरुवारी बॅगेतून बाहेर येते आणि एप्रिलभर उशाशी पडून राहते.

छपाईत सोळा पानांचा एक गठ्ठा एकत्र घडी करून बांधतात, तो फर्मा. जातानाची बैठक म्हणजे एक फर्मा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण पानांपेक्षा महत्त्वाचे पुस्तकाचे थांबे. लोकलला थांबे असतात तसे पुस्तकालाही असतात, आणि दोन्ही जुळले पाहिजेत. या कसोटीवर माझी पहिली शिफारस पु. शि. रेगे यांची 'सावित्री' (१९६२). सगळी कादंबरी पत्रांतून सांगितली आहे, ३९ पत्रं, आणि सगळी सावित्रीचीच. ज्याला ती लिहिते त्याचं एकही उत्तर आपल्याला दिसत नाही. तो काय म्हणाला असेल ते तिच्या पुढच्या पत्रावरून ओळखायचं. कधी पत्र अर्ध्या पानाचं, कधी चार पानांचं. प्रत्येक पत्र हा एक थांबा. पुस्तक इतकं लहान आहे की सलग बसलं तर एका दुपारी संपतं, पण त्याची मजा दिवसाला सात-आठ पत्रं घेण्यात आहे. लच्छी आणि मोराची गोष्ट ज्या पत्रात येते तिथं पोचलात की त्या दिवशी पुढं वाचू नका. ते पत्र दिवसभर सोबत राहू द्या.

जुनी प्रत घेत असाल तर एक काळजी घ्या, विशेषतः रहस्यकथेची. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, खाली कोपऱ्यात, बारीक आकडा छापलेला असतो. १, १७, ३३, ४९ ही पानं उघडून ते आकडे ओळीनं आहेत का पाहा. बांधणीत कधी एक फर्मा दोनदा लागतो आणि पुढचा गळतो. वाचनालयातल्या जुन्या रहस्यकथांचा शेवटचा फर्मा सुटून हरवलेला असतो, कारण तोच सगळ्यात जास्त हाताळला जातो. खुनी कळायच्या आत पुस्तक संपलं तर सगळा आठवडा कडू होतो. शेवटचं पान आहे का हे पाहताना त्यावरची ओळ मात्र वाचू नका, फक्त पृष्ठांक पाहा.

---

गडदपाणी

रहस्यकथेचं मी सांगतो.

तुमच्या अटींत सगळ्यात नीट बसते ती सुहास शिरवळकरांची 'समांतर'. २०२० मध्ये तिच्यावर वेबमालिका आली होती, ती पाहिली नसेल तर आधी पुस्तकच घ्या. आपल्या हातावरच्या रेषा दुसऱ्या एका माणसाच्या रेषांशी जुळतात आणि आपण जगतोय ते आयुष्य त्यानं आधीच जगून ठेवलंय, असं नायकाला कळतं. आता त्या माणसाला शोधायचं. हे सूत्र इतकं पक्कं आहे की आठ तासांनी पुस्तक उघडलं तरी आपण कुठं होतो ते एका वाक्यात आठवतं. धावपळीच्या आठवड्यात थरारकथा निवडायची माझी कसोटी हीच: गोष्टीचा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो का? येत असेल तर ती गर्दीत टिकते. येत नसेल, म्हणजे तीन काळ, चार निवेदक, दोन शहरं असतील, तर ती चांगली असूनही या आठवड्याची नाही. शिरवळकरांची वाक्यं छोटी, संवाद भरपूर, त्यामुळे पान दीड मिनिटाच्या आतच उलटतं.

दुसरा पर्याय कथांचा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचा कुठलाही संग्रह घ्या, 'खेकडा' घेतलात तर फारच छान. एका बैठकीला एक कथा, हिशेब चुकता. मतकरींची भीती घरातली असते: जिना, खिडकी, शेजारचं माणूस. म्हणूनच ती रात्रीच्या वीस मिनिटांत वाचू नका. गूढकथा सकाळच्या लोकलमध्ये, भर गर्दीत वाचावी. तिथं ती नीट लागते आणि झोपेला हात लावत नाही.

नारायण धारपांचं नाव कुणी ना कुणी सुचवेलच, म्हणून एक सूचना. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. मूळ वाचलं असेल तर धक्के उरत नाहीत, वातावरण मात्र उरतं. हृषीकेश गुप्ते आवर्जून वाचा, पण सुरुवात 'अंधारवारी'तल्या कथांनी करा. 'दंशकाल' जाडजूड आहे आणि तिला सलग वेळ द्यावा लागतो. ती तुटक वाचली तर वाड्यातली माणसं एकमेकांत मिसळतात आणि लेखकानं रचत आणलेला दाब निघून जातो.

आता सगळेच करतात ती चूक. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं. थरारकथेत हे नेमकं उलट करायचं. लेखक प्रकरणाच्या शेवटच्या पानावर गळ टाकून ठेवतो: दार वाजतं, फोन येतो, कुणीतरी नाव घेतं. तिथं मिटलं की दिवसभर कामात लक्ष लागत नाही, आणि रात्री 'अजून एकच प्रकरण' म्हणत दीड वाजतो. म्हणून पुढच्या प्रकरणाची पहिली दोन पानं वाचा आणि मग मिटा. त्या दोन पानांत गळ सुटलेला असतो, नवी जागा मांडलेली असते आणि अजून काही पेटलेलं नसतं. थांबायला याहून चांगली जागा नाही.

ॲगाथा ख्रिस्ती घ्यायची असेल तर नावांची चिठ्ठी आधी करा. तिची १९३९ ची 'अँड देन देअर वेअर नन' घ्या, बेटावर दहा माणसं. पहिल्याच प्रकरणात आठ जण प्रवासात भेटतात, प्रत्येकाला जेमतेम पान-दोन पानं. उभ्यानं वाचताना यातले तीन तरी निसटतात, आणि पुढं जेव्हा माणसं एकेक करून कमी व्हायला लागतात तेव्हा 'हा कोण होता?' म्हणत मागं जावं लागतं. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, बोटभर रुंद पट्टी कापा. तिच्यावर वरून खाली नाव आणि एक शब्द, एवढंच: वॉरग्रेव्ह – न्यायाधीश. व्हेरा – शिक्षिका. लोम्बार्ड – पिस्तूल. ब्रेंट – सोवळी. मॅकार्थर – जनरल. आर्मस्ट्राँग – डॉक्टर. मार्स्टन – मोटार. ब्लोर – पोलीस. शेवटी रॉजर्स नवरा-बायको, नोकर. तीच पट्टी खूण म्हणून पुस्तकात ठेवायची. संशय कुणावर ते त्यावर लिहू नका. एकदा लिहिलं की पुढची सगळी पानं आपण त्याच माणसाकडे बघत राहतो, आणि लेखिकेला तेच हवं असतं.

'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) मला या प्रकारात सर्वात आवडते, पण ती आत्ता नको. तिच्यात फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला एक मारेकरी निघालेला असतो, आणि ते जिवंत राहणार हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. सगळा जीव 'कसं'मध्ये आहे: खोटा पासपोर्ट कसा मिळवला, बंदूक कुठं आणि कशी करवून घेतली. ते तपशील तुटक वाचले तर यादी वाटते. मारेकऱ्याला शोधणारा पोलीस अधिकारी लेबेल दुसऱ्या भागात येतो, आणि तुमचा शनिवार तोवर उजाडलेला असेल. एप्रिलच्या एखाद्या जोडसुट्टीसाठी ठेवा.

---

पत्रपेटी

'सावित्री'बद्दल पूर्ण सहमत, पण जातानाच्या लोकलमध्ये नको. रेगे शब्द मोजून वापरतात. दोन वाक्यांच्या मधली जागाही वाचावी लागते, आणि ती 'पुढील स्टेशन' ऐकत वाचता येत नाही. ती रात्रीच्या वीस मिनिटांना द्या. सकाळी रहस्य, रात्री पत्रं, असा क्रम लावला की दोन्ही पुस्तकं एकदम चालू ठेवता येतात आणि सरमिसळ होत नाही, कारण वेळ, जागा आणि वाचतानाची बसण्याची रीत सगळंच वेगळं असतं. दोन रहस्यकथा एकदम चालू ठेवू नयेत, तसंच दोन प्रेमकथाही. एक आणि एक चालतात.

येताना बसून वाचायला सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६). घरात भाड्यानं राहायला आलेला एक तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेली त्या घरातली दोन भावंडं, तनय आणि अनुजा. पहिला भाग तनयचा. तो त्या निघून गेलेल्या माणसाशीच बोलतो, 'तू' म्हणून. दुसरा भाग अनुजाचा. तेच दिवस, तेच घर, तोच माणूस, पण सगळं निराळं दिसतं. पुस्तक छोटं आहे आणि मध्यावरची सीमा ठळक आहे, त्यामुळे पहिला भाग दोन दिवस, दुसरा दोन दिवस, अशी सरळ वाटणी होते. तनयच्या भागात काळ मागंपुढं होतो. तिथं गोंधळून मागं जाऊ नका, वाचत राहा. जे सुटलंय असं वाटतं ते अनुजाच्या भागात सापडतं. जेरी पिंटोंनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला आणि तो चांगला आहे, पण मराठीत वाचता येत असताना मराठीतच वाचा. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातलं बोलणं आणि न बोलणं मूळात जसं उमटतं तसं दुसरीकडे नाही.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' आवडली म्हणता, तर त्यांची 'समुद्र' घ्या. ही मोठ्या माणसांची प्रेमकथा. बरीच वर्षं संसार केलेलं जोडपं समुद्रकाठी सुट्टीला जातं आणि तिथं बायकोच्या आयुष्यातली एक गोष्ट समोर येते. घटना म्हणाल तर एवढीच. पण 'आता हा काय करेल?' हा प्रश्न कुठल्याही थरारकथेइतका ताणून धरलाय. जोड्यानं वाचण्यासारखं पुस्तक आहे. एकानं संपवून दुसऱ्याला द्यावं आणि त्याचं होईपर्यंत काही बोलू नये.

गौरी देशपांडे यांचं 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' हेही याच मापाचं. एका पुस्तकात दोन लघुकादंबऱ्या. आठवड्यापुरती फक्त 'तेरुओ' वाचलीत तरी पुस्तक अर्धवट टाकल्यासारखं वाटत नाही. विवाहित भारतीय बाई आणि एक जपानी पुरुष, आणि कुठंही सारवासारव नाही.

जयवंत दळवींची 'महानंदा' मला सगळ्यात प्रिय. गोव्यातल्या देवळाशी बांधलेल्या भाविणीच्या मुलीचं प्रेम, आणि त्या प्रेमाला देवळापासून घरापर्यंत कुठंही जागा न मिळणं. शं. ना. नवरे यांचं 'गुंतता हृदय हे' हे नाटक याच कादंबरीवरून आलं. मात्र मार्चएंडला ही वाचू नये, असं मनापासून सांगते. शेवटची चाळीस पानं वाचून दुसऱ्या दिवशी ताळेबंद जुळवता येत नाही.

प्रेमकथेत मिटायची जागा गडदपाणींच्या उलट. तिथं प्रकरण संपल्यावरच थांबा. मन जिथं आणून सोडलंय तिथं थोडा वेळ राहणं हाच वाचनाचा भाग आहे. आणि प्रस्तावना, पाठराखण, मलपृष्ठ सगळं शेवटी वाचा. मराठीत प्रस्तावनाकार पहिल्या दोन पानांत अख्खी गोष्ट सांगून टाकतात.

जाता जाता एक, कारण प्रेमकथांना हलकं समजण्याची सवय अजून गेलेली नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. अश्लीलतेच्या आरोपावरून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये तिथं ते निर्दोष ठरले. एका मराठी प्रेमकथेसाठी लेखक सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. बसस्टँडवर मिळणाऱ्या त्या पुस्तकांमागे हेही आहे.

---

लेजरबुक

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सावित्री' रात्रीला आणि 'समांतर' जातायेता, असं ठरवतेय. दोन शंका. उभं असताना छापील पुस्तक धरणं अवघड, मग फोनवर वाचावं की ऐकावं? आणि ज्यात रहस्य आणि प्रेम दोन्ही आहे असं छोटं काही आहे का, एखादा दिवस जास्तीचा मिळाला तर?

---

कान_देऊन

फोनवर वाचायचं तर ई-बुक घ्या, स्कॅन केलेली पीडीएफ नको. पीडीएफचं पान म्हणजे छापील पानाचा फोटो. डेमी पान साडेपाच इंच रुंद आणि फोनचा पडदा पावणेतीन, म्हणजे अक्षर थेट निम्मं होतं. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटानं डावीउजवीकडे सरकवावं लागतं. पंधरा मिनिटांत डोकं चढतं. ई-बुकात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप मोडतात. पीडीएफच हाताशी असेल तर फोन आडवा धरा, साधारण तिसरा हिस्सा पान एका वेळी नीट दिसतं. घेण्याआधी नमुन्याची पानं उघडून जोडाक्षरं पाहा. 'ष्ट्य', 'र्‍या', 'ङ्म' तुटलेले दिसले तर ते पुस्तक पूर्ण तसंच असणार.

ऐकायचं तर स्टोरीटेलवर २०१७ पासून मराठी आहे. हिशेब असा: दीडशे पानं म्हणजे साधारण ४५,००० शब्द. वाचणारा मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो, म्हणजे पाच तास. वेग १.२५ केला तर चार. त्याच्या वर नेऊ नका. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, वेग वाढला की नेमकं तेच गिळलं जातं, आणि 'गेला' की 'गेला नाही' हेच कळत नाही. रहस्यकथेत एवढ्यावर सगळं उलटं होतं.

ऐकायला एक माणूस बोलतोय अशी पुस्तकं चांगली: पत्रं, डायरी, प्रथमपुरुषी निवेदन. दहा पाहुण्यांची ख्रिस्ती अजिबात नको, तिथं ती पट्टी डोळ्यांसमोर लागते. रात्री ऐकत असाल तर पंधरा मिनिटांचा टायमर लावा, आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं मागं नेऊन सुरू करा. झोप लागते त्याआधीची चार-पाच मिनिटं ऐकलेलं डोक्यात राहत नाही.

---

गडदपाणी

दुसऱ्या शंकेचं उत्तर: बंगाली गुप्तहेर व्योमकेश बक्षी. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून या कथा लिहिल्या, आणि दूरदर्शनवरची १९९३ ची मालिका पुष्कळांना आठवत असेल. आधी 'सत्यान्वेषी' वाचा, त्यात व्योमकेश आणि त्याचा मित्र अजित पहिल्यांदा भेटतात. मग थेट 'अर्थमनर्थम्'. आपलं मृत्युपत्र सारखं बदलणाऱ्या म्हाताऱ्याचा खून होतो, संशयाच्या जाळ्यात एक तरुण सापडतो, आणि त्याची बहीण सत्यवती भावासाठी व्योमकेशसमोर उभी राहते. पुढं ती त्याची बायको होते. हे सांगून टाकलं तरी रहस्याचं काही बिघडत नाही. त्या दोघांच्या पहिल्या बोलण्यात एकही प्रेमाचा शब्द नाही. तो प्रश्न विचारतो, ती उत्तरं देते, आणि शेजारी बसलेल्या अजितच्या आधी ते आपल्याला कळतं. फार सुरेख लिहिलंय.

भाषांतर वेगवेगळ्या भागांत मिळतं, तेव्हा घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून या दोन कथा त्या भागात आहेत का पाहा. कथा साधारण तीस-चाळीस पानांच्या. तुमच्या शनिवारच्या येतानाच्या गाडीत एक बसते, फर्मा_सोळा यांच्या हिशेबात थोडी घाई करून.

प्रेमाची बाजू नको, नुसता हलका तपास हवा असेल तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा. अशोक जैन यांनी केलेलं भाषांतर रोहन प्रकाशनानं काढलंय. मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी आहेत, पण दमलेल्या मोठ्या माणसाला त्या फार आराम देतात. फेलुदाचा गमतीदार लेखक-मित्र जटायू हवा असेल तर 'सोनार केल्ला'पासून घ्या. त्याआधीच्या गोष्टींत तो नाही.

---

फर्मा_सोळा

उभ्यानं छापील पुस्तक धरण्याबद्दल थोडं. शिवून बांधलेली प्रत असेल तर ती एका हातात पूर्ण उघडी राहते. नुसती डिंकानं चिकटवलेली असेल तर अंगठ्यानं सारखं दाबून धरावी लागते आणि पाठ मोडून मधली पानं सुटतात. पुस्तकाच्या पाठीकडे वरून पाहा. फर्म्यांच्या घड्या वेगवेगळ्या वळलेल्या दिसल्या आणि मधल्या पानाच्या घडीत दोरा दिसला, तर शिवलेली. सगळा ठोकळा सपाट कापलेला दिसला तर चिकटवलेली. नवी प्रत घरीच सैल करून न्या. पुस्तक टेबलावर पाठीवर उभं धरा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढून आणि मागून आळीपाळीनं आठ-दहा पानं घेऊन बोटानं मधल्या घडीपाशी हलकेच दाबत जा, मध्यापर्यंत. रविवारी रात्री पाच मिनिटांचं काम आहे.

---

लेजरबुक

'समांतर'ची वाचनालयातली प्रत आत्ताच तपासली. फर्म्यांचे आकडे ओळीनं आहेत, शेवटचं पान आहे, ओळ वाचलेली नाही. शिवलेली आहे. 'सावित्री' नवी मागवली आहे, उद्या येतेय. नावांच्या पट्टीसाठी पत्रिका कापून ठेवली, ख्रिस्ती एप्रिलमध्ये.

---

पत्रपेटी

'सावित्री' आली की मलपृष्ठाला लगेच कागदाचं कव्हर घाला. मोराच्या पत्रापर्यंत पोचलात की इथं लिहा.